बौद्ध ध्यान : आधुनिक संशोधन आणि वैद्याचा विवेक

‘औषधाबरोबर ध्यान करू का?’ असा प्रश्न रुग्ण वारंवार विचारतात. चरकाचार्यांनी सत्त्वावजय चिकित्सा सांगितलेली असल्याने ‘अवश्य करा’ असे उत्तर आम्हीही वर्षानुवर्षे देत आलो. बौद्ध ध्यानावरील संशोधन पाहता हे उत्तर अपुरे आहे, असे आमचे मत झाले आहे.

१९८७ साली धर्मशाला येथे दलाई लामा आणि चिलीचे जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वारेला प्रभृतींची चर्चा झाली व या अभ्यासास दिशा मिळाली. पुढे २००४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील लुट्झ व डेव्हिडसन यांनी दहा ते पन्नास हजार तास साधना केलेल्या आठ साधकांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी तपासल्या. करुणाध्यानात गॅमा लहरींचा मेळ नवशिक्यांहून पुष्कळ अधिक आढळला. परंतु साधनेने मेंदू तसा घडला, की तसा मेंदू असणारेच साधनेत टिकले, हे यावरून ठरत नाही. आठ आठवड्यांच्या अभ्यासाने मेंदूचा करडा भाग वाढतो, हा २०११ चा निष्कर्षही बराच गाजला. २०२२ च्या अधिक मोठ्या अभ्यासात रचनेतील असा बदल दिसला नाही.

चिकित्सेच्या दृष्टीने टीसडेल व सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. विषादातून उतार पडलेल्या १४५ रुग्णांपैकी ज्यांना पूर्वी तीन वा अधिक वेळा व्याधी झाला होता, त्यांच्यात पुनरुद्भवाचे प्रमाण ६६ वरून ३७ टक्क्यांवर आले. दोनच वेळा व्याधी झालेल्यांस मात्र लाभ दिसला नाही. म्हणजे येथेही व्याधीची अवस्था पाहणे आलेच!

चेतनेच्या स्वरूपाचा प्रश्न निराळा. बौद्धमते विज्ञान हे पंचस्कंधांपैकी एक, क्षणिक. नित्य आत्मा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आत्मा हा ज्ञाता म्हणून सिद्ध केला आहे. लहरींचा आलेख या वादात कोणाचीच बाजू घेत नाही, आणि ‘विज्ञानाने आत्मा सिद्ध केला’ असे सांगणाऱ्या व्याख्यात्यांपासून सावध राहिलेले बरे.

आमच्याकडील एका तरुणास अनिद्रेसाठी आम्ही दीर्घ मौनशिबिरास पाठविले. पूर्वी उन्मादाचा वेग येऊन गेल्याचे आम्ही विचारलेच नव्हते. चार दिवसांत उरलीसुरली झोपही गेली, भय वाढले. अखेर मानसरोगतज्ज्ञांकडे न्यावे लागले. लिंडाल व ब्रिटन यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या ज्या मुलाखती प्रसिद्ध केल्या, त्यांत भय, निद्रानाश, ‘मी’पणाचे भान हरपणे अशा तक्रारी नोंदल्या आहेत. त्या आधी वाचल्या असत्या, तर बरे झाले असते.

आता ध्यान सुचविण्यापूर्वी आम्ही पूर्ववृत्त, कुलवृत्त, निद्रा व चालू आधुनिक औषधे यांची नोंद घेतो. ती औषधे परस्पर बंद करू नयेत, हे केसपेपरवर लिहूनच देतो. औषधालयाच्या गल्ल्यावर हा प्रश्न आल्यास रुग्णास वैद्याकडे पाठवावे. आरंभ दहा मिनिटांचा. झोप किंवा भय बिघडल्यास त्याच दिवशी थांबवून कळविण्याची सूचना असते.