आधी डोंगर, मग रात्र

ग्वातेमालातल्या आंतिग्वा शहरात सॅक घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे आकातेनांगो डोंगराच्या उतारावर तंबूत राहून समोरच्या फुएगो ज्वालामुखीतून उडणारा लालभडक लाव्हा बघायचा. दुसरी म्हणजे शहरातल्या बारमध्ये जगभरातून आलेल्या पोरापोरींबरोबर मध्यरात्रीपर्यंत नाचायचं. दोन्ही कराव्यात अशाच आहेत. पण त्यांचा क्रम उलटा झाला तर काय होतं ते मी फार जवळून पाहिलं आहे. तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या वाढते आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. (व्हिव रिचर्ड्सचं अँटिग्वा ते हे नव्हे, ते कॅरिबियन समुद्रातलं बेट, हे मध्य अमेरिकेतलं डोंगरांमधलं शहर.)

स्पॅनिश लोकांनी आपली राजधानी इथे वसवली ती १५४३ मध्ये. त्याआधीची राजधानी जवळच होती. १५४१ मध्ये आग्वा ज्वालामुखीच्या उतारावरून पाण्याचा आणि चिखलाचा लोंढा आला आणि ती त्यात गाडली गेली. नवी राजधानी सव्वादोनशे वर्षांहून जास्त टिकली. मग १७७३ च्या भूकंपांनी तिची दैना केली आणि १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वातेमाला सिटीला हलवण्याचा हुकूम झाला. काही लोक मात्र पडक्या भिंतींमध्येच राहिले. त्यांच्यामुळे आज आपल्याला ही कौलारू बैठी घरं, गोट्यांचे रस्ते आणि छप्पर नसलेली चर्चं बघायला मिळतात. १९७९ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

शहराची उंची सुमारे १५३० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे आंतिग्वातल्या बाजारात भाजी घेणारा माणूस जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर उभा असतो. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाने हा आकडा मनात पक्का धरावा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आमच्या डॉर्ममध्ये ठाण्याचा एक मुलगा होता. अमेरिकेत नोकरी करणारा, काटक, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेला. आकातेनांगोला आम्ही एकाच गटात जाणार होतो. आदल्या रात्री तो बाहेर पडला. तिथे कायद्याने रात्री एक वाजता बार बंद होतात. पण एकच्या सुमारास दारापाशी कोणीतरी उभं असतं आणि शहराबाहेरच्या एखाद्या घरात पुढची पार्टी आहे असं सांगून माणसं गोळा करतं. तो त्यांच्याबरोबर गेला आणि पहाटे परतला. सकाळी मी त्याला म्हटलं, आजचा दिवस सोड, उद्याच्या गटात ये. "काही होत नाही गं ताई, गाडीत झोपतो ना," असं म्हणून तो बुटांच्या नाड्या बांधायला लागला. पैसे भरलेले होते आणि ते परत मिळणार नव्हते.

चढाई ला सोलेदाद गावापाशी सुरू होते, साधारण २४०० मीटरवर. वाट पहिल्या पावलापासून उभी आहे. आधी मक्याची शेतं, पायाखाली भुसभुशीत ज्वालामुखीची माती. मग ढगांनी ओलं झालेलं दाट जंगल, मग पाइनची झाडं. मुक्कामाचे तंबू सुमारे ३६०० मीटरवर. शेतं संपायच्या आतच त्याचं डोकं दुखायला लागलं. जंगलात त्याला उलटी झाली. सगळे हसले, रात्रीची उतरली नाही म्हणाले, तोही हसला. मला हा प्रसंग आठवला की सगळ्यात जास्त त्या हसण्याची भीती वाटते. जास्त दारूनंतर सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. उंची बाधली तरी सुरुवात नेमकी याच लक्षणांनी होते. रात्री प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उंची बाधली तर ते कोणालाच ओळखता येत नाही. गाईडला येत नाही, मित्रांना नाही, त्या माणसाला स्वतःला तर अजिबातच नाही.

तळावर पोचलो तेव्हा ढग उतरले होते आणि वारा सुटला होता. ट्रेक नेणाऱ्यांनी दिलेल्या त्याच्या जाकिटाची चेन लागत नव्हती, स्लीपिंग बॅग दमट होती. अंधार पडल्यावर ढग फाटले आणि फुएगो दिसला. थोड्याथोड्या वेळाने पोटात जाणवणारा गडगडाट, मग लाल ठिणग्यांचा फवारा आणि घरंगळत खाली येणारे निखारे. सगळे आरडाओरडा करत बाहेर उभे होते. तो तंबूत होता. मी सूप घेऊन गेले तेव्हा तो विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देत होता. वयस्क गाईडने त्याला बाहेर आणलं आणि पावलापुढे पाऊल टाचेला टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. त्याला चार पावलंही जमली नाहीत. पोटातली दारू तर केव्हाच उतरली होती. गाईडने एक क्षणही वाया घालवला नाही. हेडलँप लावले, दुसऱ्या गाईडला सोबत घेतलं आणि त्याच वेळी त्याला खाली न्यायला सुरुवात केली. मीही गेले. मक्याच्या शेतांपर्यंत येईतो तो नीट बोलायला लागला होता. या आजाराचा पहिला आणि खरा इलाज म्हणजे खाली उतरणं. उंचीवर असताना माणसाचा तोल जाणं आणि बोलण्यात गोंधळ होणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. त्या वेळी सकाळ व्हायची वाट बघायची नसते.

आता आकडे पुन्हा मांडते. आदल्या रात्री १५३० मीटरवर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री ३६०० मीटरवर झोपतो. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं गिर्यारोहणाचं वैद्यकशास्त्र सांगतं. आकातेनांगोचा नेहमीचा दोन दिवसांचा ट्रेक हा नियम मुळातच मोडतो. बहुतेक तरुण शरीरं ते सोसतात, कारण मुक्काम एकाच रात्रीचा असतो. पण सोसायला शरीरात पाणी हवं, झोप हवी, पोटात अन्न हवं. रात्रभराच्या पार्टीत नेमकं हेच तिन्ही जातं. थंडीचीही तीच कथा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे रात्री पारा शून्याखाली जातो आणि वाऱ्याने ती थंडी कित्येक पटींनी बोचते. जानेवारी २०१७ मध्ये याच डोंगरावर गारठून सहा जणांचा मृत्यू झाला. ते त्याच देशातले लोक होते.

म्हणून माझं सांगणं आहे की आठवडा असेल तर पहिले तीन-चार दिवस फक्त शहराला द्या. त्यासाठी शहरात भरपूर आहे. सकाळी स्पॅनिशची शिकवणी लावा. इथल्या शाळांत एका विद्यार्थ्याला एक शिक्षक मिळतो, रोज चार तास, आणि हवं तर स्थानिक कुटुंबात राहायची सोयही होते. उतारावर गाईडशी चार वाक्यं बोलता आली ती मला याच शिकवणीमुळे. दुपारी कापुचिनास मठ बघा. १७३६ मध्ये उभ्या राहिलेल्या या मठात एक गोल मनोरा आहे आणि त्याच्याभोवती जोगिणींच्या चिमुकल्या खोल्या आहेत. मी तिथे एक अख्खी दुपार घालवली. कॅथीड्रलच्या मागचे अवशेष चुकवू नका; मोडक्या कमानींतून थेट आभाळ दिसतं. जवळच्या सान आंतोनियो आग्वास कालिएंतेस गावात बायका कमरेला पट्टा बांधून मागावर विणतात आणि शिकवतातही. सेरो दे ला क्रूस या टेकडीवर उजेडातच जा आणि उजेडातच उतरा. पूर्वी त्या वाटेवर पर्यटकांना लुटण्याचे प्रकार झाले आहेत.

खाण्याची काळजी शाकाहारी माणसानेही करू नये. काळा घेवडा, मक्याची तोर्तिया, अवोकाडो आणि तळलेली केळी सगळीकडे मिळतात. संध्याकाळी ला मेर्सेद चर्चसमोर गाड्या लागतात, तिथे मक्याचं गरम गोड आतोल प्या. घेवड्याचं सारण भरलेले केळ्याचे रेयेनितो तर नक्की खा. नळाचं पाणी मात्र दात घासायलाही वापरू नका. डोंगराच्या आदल्या दिवशी पोट बिघडलं तर वर पार्टीइतकाच त्रास होतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी शरीराचा अंदाज घ्यायला पाकाया ज्वालामुखीवर जाऊन या. तो २५५२ मीटर, अर्ध्या दिवसात होतो. मग एक रात्र दारूशिवाय, लवकर झोप, आणि दुसऱ्या दिवशी आकातेनांगो. ट्रेक नेणाऱ्यांना पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: किती माणसांमागे एक गाईड आहे, आणि रात्री कोणी आजारी पडलं तर त्याला खाली कोण नेईल? दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याकडे जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. जाकीट, हातमोजे, स्लीपिंग बॅग आदल्या संध्याकाळी हातात घेऊन, चेन लावून, हुंगून बघा. तळावरून जास्तीचे पैसे देऊन फुएगोच्या धारेवर जायचं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. ३ जून २०१८ रोजी फुएगोमधून तापलेली राख आणि वायूचा लोट उतरला, सान मिगेल लोस लोतेस गाव गाडलं गेलं आणि शेकडो माणसं गेली. तो ज्वालामुखी आजही तोच आहे, आणि तळावरून तो पुरेसा जवळ दिसतो.

डोंगर उतरलात, एक दिवस झोप काढलीत, की मग रात्र तुमचीच. आंतिग्वातली रात्र मला मनापासून आवडते. शहर लहान, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. काही ठिकाणी संध्याकाळी साल्साचे धडे मिळतात आणि शिकवणाराच पुढे नाचायला घेऊन जातो. पहिल्या तासात पाय अडखळतात, दुसऱ्या तासात अनोळखी माणसाशी मैत्री झालेली असते. पण एक वाजला की परत फिरा. बार बंद झाल्यावरच्या त्या घरगुती पार्ट्यांवर कोणाचाच धाक नसतो, जागा शहराबाहेर असते, परतायला गाडी मिळत नाही, आणि पेल्यात काय ओतलंय ते कळत नाही. मुलींनी एकमेकींना सोडून निघायचं नाही, पेला टेबलावर ठेवून नाचायला जायचं नाही. मुलांनाही हे तितकंच लागू आहे.

परतीसाठी शहराची रचना दिवसाच समजून घ्या. आवेनिदा उत्तर-दक्षिण जातात, काये पूर्व-पश्चिम, आणि मधला चौक, पार्के सेंत्राल, या सगळ्यांचा मध्य. पत्त्यात नोर्ते लिहिलं असेल तर चौकाच्या उत्तरेला, सूर असेल तर दक्षिणेला. दिवसा आग्वा समोर दिसला की तोंड दक्षिणेकडे आहे हे ओळखता येतं. पाचव्या आवेनिदावरच्या सांता कातालिनाच्या कमानीतून तो नेमका दिसतो. रात्री ही खूण उपयोगी पडत नाही, म्हणून हॉस्टेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा. गोट्यांच्या रस्त्यावर सपाट तळव्याचे बूट घाला. घोटे मुरगळलेली बरीच मंडळी मी तिथे पाहिली. तिथल्या टुकटुक बहुतेक आपल्या पुण्याच्या बजाजच्या. त्या बघून घरच्यासारखं वाटतं, पण रात्री रस्त्यावरून कुठलीही न थांबवता हॉस्टेलला फोन करून त्यांच्या ओळखीची गाडी मागवा. रंगवलेल्या जुन्या अमेरिकन स्कूल बसमधून, म्हणजे कामियोनेतांतून, फिरा जरूर, पण सूर्य मावळायच्या आत. एटीएम बँकेच्या आतलं वापरा, आणि एक कार्ड खोलीत कुलपात ठेवून बाहेर पडा. पर्यटकांच्या मदतीसाठी १५०० हा नंबर आहे, तो फोनमध्ये आजच घाला.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात जाणार असाल तर मात्र हा सगळा बेत बदला. तेव्हा डोंगर सोडून द्या. लोक घरांसमोरच्या रस्त्यावर रंगवलेल्या भुशाचे, फुलांचे आणि पाइनच्या पानांचे गालिचे रात्रभर बसून घालतात, आपल्या दिवाळीतल्या रांगोळीसारखे, पण अख्खा रस्ता भरून. गुड फ्रायडेला पहाटे मिरवणूक त्यांच्यावरून जाते. त्या रात्री कुठल्याही बारमध्ये बसू नका. एखाद्या कुटुंबाला विचारलंत तर ते तुमच्याही हातात भुशाची चाळणी देतील. खोली मात्र कित्येक महिने आधी ठरवावी लागते, आणि त्या आठवड्यात भाडीही बरीच चढलेली असतात.