विद्यावेतन आणि श्रेयांक : पेण-रोह्याच्या पालकांनी काय विचारावं?



आपण शिकवतो पहिली ते चौथी, मग कॉलेजच्या विषयात कशाला पडायचं? पण घरातलं पहिलंच पोर कॉलेजला जात असेल तर पालक विचारायला आपल्याकडेच येतात. हल्लीचा प्रश्न असा: "सर, कॉलेजवाले कंपनीत कामाला पाठवणार म्हणतात. पगार मिळेल का?"

एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली ओजेटी, म्हणजे कार्य प्रशिक्षण. नवीन शैक्षणिक धोरणाने ते पदवीत आणलं. ३० तास कामाला १ श्रेयांक, म्हणजे ४ श्रेयांकांसाठी १२० तास. श्रेयांक मिळतात, पैसे मिळतीलच असं नाही.

दुसरी शिकाऊ उमेदवारी, आपल्या भाषेत अप्रेंटिसशिप. तिच्यामागे १९६१ चा कायदा आहे. लेखी करार होतो, दरमहा विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीच्या शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरले. आजचा आकडा विचारून घ्या. पूर्वी ही वाट मुख्यतः आयटीआयवाल्यांची किंवा शिक्षण संपल्यावरची. आता यूजीसीच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीतच एक ते तीन सत्रं अशी करता येतात आणि वर्षभराच्या कामाला किमान ४० श्रेयांक आहेत. मात्र कॉलेजने तसा अभ्यासक्रम सुरू केलेला हवा.

हा फरक लहान नाही. संध्याकाळी दुकानात काम करून फी भरणाऱ्या रोह्याच्या मुलाला १२० तास बिनपगारी म्हणजे तेवढी रोजंदारी बुडाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'ने गरीब मुलांना शिकवलं, पण तिथे काम वेगळं आणि परीक्षा वेगळी होती. आता कामच अभ्यासात धरलं जातंय, तर त्याचा मोबदलाही मागायला हवा, असं माझं मत आहे.

आमच्या पेणचंच बघा. हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत गणपतीच्या आधी कॉलेजची किती मुलं रंगकाम करतात! मजुरी मिळते, पण पदवीत त्याची कुठेच नोंद नाही. कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे मूर्तीच्या मध्यम कारखान्यालाही दार उघडं आहे. कॉलेजने आणि कारखानदाराने एकत्र बसायला हवं, बस्स.

धाटावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, तिथे वय आधी बघा. शिकाऊ उमेदवारीला किमान वय १४, पण धोकादायक उद्योगात १८. बारावीतलं सतरा वर्षांचं पोर "चालतंय की" म्हणून पाठवू नका.

कॉलेजात जाल तेव्हा विचारा: हे ओजेटी की शिकाऊ उमेदवारी? करार सरकारी पोर्टलवर नोंदणार का? पैसे मुलाच्या बँक खात्यात येणार का? आणि श्रेयांक त्याच्या एबीसी खात्यात कधी जमा होणार? उत्तरं तोंडी नको, कागदावर घ्या. फॉर्म वाचायला अडलं तर शाळा सुटल्यावर या, बसून वाचू.