सुई नीट बसली की ‘श’ नीट ऐकू येतो

लष्करातल्या जुन्या मराठी घरांत, माळ्यावर किंवा ट्रंकेत, गाण्याच्या तबकड्या अजून सापडतात. दाना ओलीत राहणाऱ्या आपल्या एका सभासदाच्या घरीही आजोबांच्या तबकड्या आहेत आणि मंडळात त्या ऐकायच्या असं ठरतंय. त्याआधी हा छोटा पाठ. कारण तबकडी वाजते तेव्हा हिरकणीची सुई खाचेच्या भिंतींना घासत जाते. सुई चुकीची बसली असेल, तर जे ऐकतोय तेच आपण थोडंथोडं पुसत असतो, आणि पुसलेलं परत येत नाही.

आधी तबकडी ओळखा

मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी आणि १९४८ साली आलेली ३३⅓ फेऱ्यांची एलपी यांच्या खाचा वेगळ्या. ७८ साठी सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं लागतं, एलपीला साधारण १८. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन नुसती खरखर वाचते. उलट केलं तर एलपी खराब होते. नारायणराव व्यासांची ७८ आणि घरातली एलपी एकाच सुईवर लावायची नाही, हा पहिला नियम.

कार्ट्रिज बसवणे

सुईवर टोपण ठेवा, आवाज बंद करा. कार्ट्रिजचे दोन स्क्रू अर्ध्या इंचाच्या अंतरावर असतात, ते आधी सैलच ठेवा. तारा चार: पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या बाजूच्या. त्या चिमट्याने, हलक्या हाताने लावायच्या.

आता प्रोट्रॅक्टर, म्हणजे रेघा आखलेला कागद, मधल्या खिळ्यात अडकवा. प्रचलित आखणीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर दोन खुणा असतात. सुईचं टोक दोन्ही खुणांवर बरोबर टेकलं पाहिजे आणि दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेघांना समांतर दिसली पाहिजे. एका जागी जमतं, दुसरीकडे बिघडतं. थोडं पुढे, थोडं मागे, असं तीनचारदा होतंच. जमलं की स्क्रू आवळा आणि पुन्हा एकदा तपासा.

वजन

अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवा. मागचं वजन फिरवून दांडी हवेत आडवी तरंगेल असं करा, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन फिरवून कंपनीने सांगितलेला आकडा गाठा. उदाहरणार्थ ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम. अनेकांना वाटतं, जितकं हलकं तितकं तबकडीला बरं. तसं नाही. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. सांगितलेलं वजनच सुरक्षित.

शेवटी सुई टेकलेली असताना दांडी बाजूने पाहिल्यास तबकडीला समांतर आणि कार्ट्रिज समोरून पाहिल्यास सरळ उभी आहे ना, हे बघा.

कानाची परीक्षा

इथे आपण साहित्याचे विद्यार्थी कामाला येतो. स, श, च ही घर्षणाची अक्षरं सगळ्यांत आधी फाटतात. चर्चच्या क्वायरमध्ये ‘येशू’ म्हणताना ‘श’ फुटू नये म्हणून आम्हाला किती दटावलं जातं! इथे तेच ऐकायचं, आणि तेही तबकडीच्या शेवटच्या गाण्यात. का? फेऱ्या तितक्याच असल्या तरी आत घेर लहान होतो. एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी धावते, आत जेमतेम २१. तेवढ्याच ध्वनीला जागा निम्म्याहून कमी.

‘स’ फक्त उजवीकडे फाटत असेल, तर अँटी-स्केटिंग थोडं वाढवा. डावीकडे असेल, तर कमी करा. (दांडी आपोआप मध्याकडे ओढली जाते, तो ओढा हे तोलतं.) दोन्हीकडे फाटत असेल, तर आधी सुई साफ करा, मग वजन आणि खुणा पुन्हा बघा. तरीही फाटत असेल, तर सुई झिजली असेल किंवा खाचच आधी झिजली असेल.

ग्वाल्हेर घराण्याच्या गाण्यात टप्पा हा याहून कठीण पेपर. कृष्णराव शंकर पंडितांनी (१८९३–१९८९) याच शहरात १९१४ साली गायनशाळा काढली. टप्प्यासाठी त्यांचं नाव आजही घेतात. टप्प्यातल्या बारीक, झटक्याच्या ताना सुटसुटीत ऐकू आल्या, तर समजा जमलं. लगदा ऐकू आला, तर दोष गायकाला देऊ नका. जुन्या पोथीत अक्षर लागलं नाही, तर आपण आधी चष्मा पुसतो, तसंच हे.

करून पाहा

१. घरातल्या तबकड्या ७८ आणि एलपी अशा वेगळ्या करा.
२. एका एलपीचं पहिलं आणि शेवटचं गाणं ऐकून ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक वहीत लिहा.
३. वजन न तपासता आजोबांची तबकडी लावू नका. आधी बाजारातली साधी, स्वस्त तबकडी लावून हात बसवा.