पेरूचा समुद्र आणि विदर्भाची पेरणी

आपल्या नागपूरला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनाराही शेकडो किलोमीटर दूर आहे. मग दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाजवळचे पाणी तापले, की आपल्याकडचा शेतकरी आभाळाकडे का पाहू लागतो?

पेरूच्या किनाऱ्याजवळचा समुद्र विषुववृत्तापासून फार दूर नसूनही एरवी थंड असतो. तेथे वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी समुद्रात दूर लोटतात. त्याची जागा घेण्यास खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असे क्षार भरपूर असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर अँचोव्ही नावाचे लहान मासे पोसतात आणि माशांवर समुद्रपक्षी.

काही वर्षी नाताळाच्या सुमारास तेथे उत्तरेकडून उष्ण प्रवाह येतो, हे कोळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांनी त्याला ‘एल निन्यो’, म्हणजे ‘बाळ येशू’ असे नाव दिले. आज हे नाव पॅसिफिकच्या सबंध मध्य व पूर्व भागातील पाणी तापण्याच्या घटनेला देतात.

हे पाणी येते कोठून? पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे सूर्याने तापलेले पाणी पश्चिमेस, इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तेथील पातळी पेरूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते! हे वारे मंदावले, की साठलेले उष्ण पाणी पूर्वेकडे पसरते. पेरूजवळ थंड थर खोल जातो, वर येणारे पाणी क्षारहीन असते, आणि अन्नसाखळी पहिल्याच कडीशी तुटते.

१९७० साली पेरूच्या कोळ्यांनी सुमारे १ कोटी २० लाख टन अँचोव्ही पकडले होते. बेसुमार मासेमारी चालू असतानाच १९७२ चा एल निन्यो आला. १९७३ मध्ये पकड सुमारे २० लाख टनांवर घसरली. पक्षी उपासमारीने मेले, कोळ्यांचा रोजगार गेला. कोंबड्यांच्या खाद्यातील मासळीची भुकटी दुर्मीळ झाल्याने जगात सोयाबीनचे भाव वाढण्यासही हातभार लागला.

त्याच १९७२ साली भारतात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के कमी झाला आणि महाराष्ट्राने भीषण दुष्काळ पाहिला. हा निव्वळ योगायोग होता काय?

हवा तापवणे सोपे, पाणी तापवणे कठीण. कारण पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या चौपट आहे, आणि घनता तर कितीतरी पट. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीन मीटर थरात सबंध वातावरणाइतकी उष्णताधारकता असते. म्हणून उष्ण पाणी सरकले, की वरची हवाही आपला मार्ग बदलते. पश्चिम पॅसिफिकवर वर चढणारी हवा पूर्वेकडे चढू लागते. आपल्या बाजूला मात्र हवा खाली उतरण्याकडे कल होतो. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग बनण्यास अडथळा येतो.

या कोड्याचा पहिला धागा भारतातच हाती लागला. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गणिती गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा अंदाज शोधत होते. जगभरच्या नोंदी तपासताना त्यांना आढळले, की पॅसिफिकच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला, की दुसऱ्या बाजूला उतरतो. यास त्यांनी ‘दक्षिणी दोलन’ म्हटले. याचा समुद्राच्या तापमानाशी असलेला संबंध १९६९ मध्ये बियर्कनेस यांनी उलगडून दाखवला.

पण ‘एल निन्यो म्हणजे दुष्काळ’ असे समीकरण मांडू नका. १९९७ साली प्रबळ एल निन्यो असूनही भारतात पाऊस सरासरीहून किंचित अधिक पडला. २०१५ साली मात्र तो १४ टक्के कमी होता. हिंदी महासागराचे तापमानही आपला वाटा उचलते. एल निन्यो धोक्याची शक्यता सांगतो, निकाल नव्हे. कोरडवाहू शेतकऱ्याला हा फरक कळणे मोलाचे आहे. दुबार पेरणीचा खर्च त्यालाच सोसावा लागतो.

करून पाहा : मासे ठेवण्याच्या लांबट काचपेटीत रंगीत, थंड मिठाचे पाणी घ्या. त्यावर कोमट साधे पाणी अगदी हळू ओता. एका टोकाकडून पंख्याचा वारा सोडा. रंगीत पाणी कोणत्या टोकाला वर येते? वारा थांबवल्यावर काय होते? निरीक्षणे वहीत लिहा आणि ‘पेरू’ कोणते टोक, ते शिक्षकांना सांगा.