दुबळ्या संघाविरुद्ध गड्यांची निवड

समजा, मँगनीजच्या खाणीसाठी परिचित असलेल्या चिखला येथील शाळेचा कबड्डीचा सामना एखाद्या लहान वस्तीतील शाळेशी ठरला आहे. विजय जवळजवळ निश्चित दिसतो. अशा वेळी शिक्षकाने कोणते गडी उतरवावेत?

कबड्डीच्या संघात १२ गडी असतात. ७ मैदानात उतरतात व ५ राखीव राहतात. नेहमी बाजूस बसणाऱ्या त्या पाचांना अनुभव देण्याची हीच संधी होय. परंतु सर्वच गडी नवे घेणे इष्ट नव्हे. चढाई करणारा एक व कोपरा सांभाळणारा एक, असे दोन कसलेले गडी ठेवून उरलेल्या जागी नव्यांना घ्यावे. दुखापत झालेल्यास विश्रांती द्यावी.

प्रतिपक्षास मात्र कमी लेखू नये. २०१६ साली अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात बलाढ्य भारतीय संघ दक्षिण कोरियाकडून ३४-३२ असा हरला. पुढे सावध होऊन अजिंक्यपद त्यानेच मिळविले.

निवडीचे कारण मुलांना आधी सांगावे. “समोरचा संघ दुबळा म्हणून तुला घेतले,” असे न म्हणता “आता तुझी पाळी आली,” असे म्हणावे. पहिल्या वाक्याने मूल खचते, दुसऱ्याने उभे राहते.