भक्तपूर तासाभरात उरकू नका

सोलापूरहून नेपाळला निघालेल्या गटात एकही दत्तभक्त नाही असं सहसा होत नाही. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर, गाणगापूर सकाळी निघून संध्याकाळी घरी परतावं इतकं जवळ. पौर्णिमेची वारी न चुकवणारी घरं आमच्या पेठेत आजही आहेत. अशा माणसांना पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ हवेच असतात, पण भक्तपूरला दत्तात्रेयाचं जुनं लाकडी देऊळ आहे हे कळलं की सहलीचे पैसे भरायला तेवढं एक कारण पुरतं. आमच्या आत्यांचं तसंच होतं. आणि भक्तपूरला पोचूनही त्यांना ते देऊळ दिसलं नाही.

सहलीच्या पत्रकात एकच ओळ होती: काठमांडू व भक्तपूर स्थलदर्शन. प्रत्यक्षात सकाळ पशुपतिनाथाला गेली, मग बौद्धनाथचा स्तूप, मग पत्रकात कुठेही नसलेलं शालींचं एक भलंमोठं दुकान. तिथे आम्हाला बसवून चहा दिला आणि माल उलगडत राहिले. जेवण, रस्त्यावरची कोंडी, असं करत बस भक्तपूरला लागली तेव्हा उन्हं कलली होती. गाईडने दरबार चौकात पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा दाखवला, न्यातपोल मंदिरासमोर फोटो काढू दिले आणि सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. दत्तात्रेय चौक तिथून पूर्वेला, रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटांच्या वाटेवर. आत्यांनी विचारलं. अंधार पडेल, बस थांबणार नाही, असं उत्तर मिळालं. त्या काही बोलल्या नाहीत, बसमध्ये येऊन बसल्या. हॉटेलवर पोचेपर्यंत मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे आम्ही घरचेच मिळून पुन्हा गेलो आणि जुन्या गावातच मुक्कामाला राहिलो. तेव्हा कळलं की पहिल्या खेपेला आम्ही भक्तपूर पाहिलंच नव्हतं. पहाटे गल्लीगल्लीतून बायका पूजेचं ताट घेऊन निघतात, चौकातल्या गणपतीला, भैरवाला, दगडी धारेजवळच्या देवाला फूल-अक्षता वाहतात आणि कामाला लागतात. लाल किनारीच्या काळ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या पडवीत ऊन खात बसतात. कुंभारवाड्याच्या चौकात मातीची भांडी वाळत घातलेली असतात, त्यांच्या कडेने पाय जपून टाकावा लागतो. ही माणसं देखाव्यासाठी बसवलेली नाहीत. तो त्यांचा रोजचा संसार आहे. सकाळी दहानंतर बसगाड्या येऊ लागल्या की तो आतल्या आत सरकतो आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर येतो. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की एक रात्र तिथे राहा. काठमांडूपासून तेरा किलोमीटरवरचं गाव आहे, जादा खर्च फारसा होत नाही.

दत्ताचं देऊळ पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्ल राजाच्या काळातलं. एकाच झाडाच्या लाकडातून ते उभारलं अशी तिथली आख्यायिका आहे. दाराशी जयमल आणि पत्ता हे दोन मल्ल उभे आहेत, तेच न्यातपोलच्या पायऱ्यांवरही भेटतात. शेजारच्या पुजारी मठाची मयूर झ्याल, म्हणजे मोराची खिडकी, एका अरुंद बोळात आहे. ती सगळे शोधतात, पण मठाच्या आतलं कोरीवकाम बघायला फार थोडे थांबतात. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांना खांदा देणाऱ्या घरांतल्या मंडळींनी आणखी एक चौकशी करावी: वीरशैव परंपरेचा जंगम मठही भक्तपुरात आहे. आत्या देवळासमोरच्या ओट्यावर मनसोक्त बसल्या. त्यांना कुणीही उठवायला आलं नाही.

न्यातपोल 1702 सालचं, भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. 1934 चा भूकंप त्याने सोसला, 25 एप्रिल 2015 चाही सोसला. त्याच दिवशी दरबार चौकातलं वत्सला देवीचं दगडी मंदिर मात्र कोसळलं. पुढे ते पुन्हा उभं केलं गेलं, इतर पडलेल्या वास्तूही विटा, लाकूड आणि स्थानिक सुतार-गवंड्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या. प्रवेशाच्या तिकिटातून येणारा पैसा या कामांना लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट पाश्चात्य पाहुण्यांपेक्षा बरंच स्वस्त आहे, त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवा. मागच्या बोळातून फुकट आत नेतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. ज्या गावाचं जुनेपण बघायला आपण एवढ्या लांब आलो, ते टिकवायला चार पैसे द्यायला काय हरकत आहे?

नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे पाट्या आपल्याला सरळ वाचता येतात. वर्ष वाचताना मात्र जपा. पाट्यांवर आणि छापील मालावर बहुतेक विक्रम संवत असतो, तो आपल्या इसवी सनाच्या छपन्न-सत्तावन्न वर्षं पुढे. जुन्या शिलालेखांत नेपाळ संवत दिसतो. त्यात 880 मिळवले की साधारण इसवी सन निघतो. मुलांना हा हिशेब करायला लावा, देवळं बघायचा कंटाळा पळतो.

आता बाजार. माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात यंत्रमाग. मागाच्या खडखडाटातच अभ्यास केला, त्यामुळे सुताला हात लागला की थोडंफार कळतं. त्या शालींच्या दुकानात विक्रेत्याने शाल अंगठीतून ओढून दाखवली आणि आमच्या गटातल्या बायका हरखल्या. अंगठीतून निघणं हा पश्मिन्याचा पुरावा नव्हे. बारीक व्हिस्कोजची शालही तशीच निघते. दशीतला एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून बघा. लोकर किंवा पश्मिना असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. व्हिस्कोज कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. साधी लोकर आणि पश्मिना यांतला फरक या परीक्षेत कळत नाही, त्यासाठी च्यांग्रा पश्मिनाची नोंदणीकृत खूण बघा आणि बिलावर धाग्याचं नाव लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां कू करू लागला तर उठा. सोलापुरी चादरीच्या नावावर पानिपतचा माल खपतो याची चीड आपल्याला आहे, भौगोलिक मानांकन मिळूनही ते थांबलेलं नाही. मग दुसऱ्या गावच्या विणकराचं नाव वापरून विकलेला माल आपण तरी डोळे मिटून का घ्यावा? व्हिस्कोजची शाल आवडली तर जरूर घ्या, पण व्हिस्कोजच्या भावाने.

पैशांत तर हमखास घोळ होतो. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी, हा दर 1993 पासून ठरलेला आहे. दुकानदार नुसतं 'बाराशे' म्हणतो. आमच्या गटातल्या एका काकांनी भारतीय बाराशे मोजले. नेपाळी बाराशे म्हणजे आपले साडेसातशे. दर वेळी विचारायचं, 'आयसी की एनसी?', म्हणजे भारतीय की नेपाळी. तिथे सगळे असंच बोलतात, विचारण्यात कमीपणा नाही. नोटांचे नियम बदलत आले आहेत. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, तेव्हा निघण्याआधी ताजा नियम विचारून घ्या. शंभराच्या नोटा सोबत असलेल्या बऱ्या. 2024 पासून भारतीय यूपीआय चालू लागलं आहे, पण कुंभारवाड्यातल्या आजीकडून दिवा घेताना त्याच्या भरवशावर राहू नका. आणि विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, नुसत्या आधार कार्डावर चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधराच्या आतली मुलं आणि पासष्टच्या वरचे ज्येष्ठ यांना त्यातून सवलत आहे.

मूर्तींबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. पाटणचे कारागीर आजही मेणाचा साचा करून धातू ओततात, त्यांच्याकडून नवी मूर्ती आनंदाने घ्या. पण 'दोनशे वर्षांपूर्वीची आहे, ताई, तुमच्यासाठी काढली' असं कुणी म्हणालं तर हात मागे घ्या. जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. नवी मूर्तीही जुन्यासारखी दिसत असेल तर काठमांडूच्या पुरातत्त्व विभागाचा दाखला घ्यावा लागतो. पाटणच्या एका देवळातली लक्ष्मीनारायणाची दगडी मूर्ती 1984 मध्ये चोरीला गेली, अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात पोचली आणि 2021 मध्ये परत आली. मधली सगळी वर्षं त्या आळीतल्या माणसांनी बदली मूर्तीची पूजा केली. विकत घेणारा आहे म्हणून देव चोरीला जातो.

सहल कंपनीकडे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: भक्तपूरला किती वाजता पोचणार, दत्तात्रेय चौक नावानिशी कार्यक्रमात आहे का, आणि वाटेत कोणत्या दुकानांवर थांबणार. उत्तर गोलमोल आलं तर तो दिवस त्यांच्या कार्यक्रमातून वगळून घ्या आणि टॅक्सीने स्वतः जा. जमलं तर मुक्तिनाथाच्या आधी जा. साडेतीन हजार मीटरहून उंचावर जाऊन आल्यावर थोरामोठ्यांच्या पायांत गल्ल्या फिरायचं बळ उरत नाही. जुन्या गावात वाहनं आतपर्यंत येत नाहीत, सामान थोडं ठेवा. फरशी विटांची आहे, पावसाळ्यात निसरडी होते, बूट पकड असलेले हवेत. तिथल्या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे आणि दारं ठेंगणी, म्हणून गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर खालच्या मजल्यावरची खोली आधीच सांगून ठेवा.