हवा दाबली की विस्तव कसा होतो?

प्रश्न : माझा भाचा मलेशियात नोकरीला आहे. सुट्टीत येताना त्याने म्हशीच्या शिंगाची एक छोटी नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणला. दट्ट्याच्या टोकाला खाच आहे. तिच्यात कापूस ठेवायचा, दट्ट्यावर एक जोरदार थाप मारायची आणि लगेच बाहेर काढायचा, की कापूस धुमसत असतो, असं तो सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात मात्र काही केल्या पेटत नाही. नळीत काही रसायन असतं का? आणि काड्यापेटी येण्याआधी आमच्या वाडीतली माणसं विस्तव कसा करत असतील?
– एक वाचक, राजोडी (ता. वसई)

उत्तर : नळीत रसायन काहीही नाही, फक्त हवा आहे. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, ते तुम्ही अनुभवलं असेलच. हवा दाबली की तापते. पंपात ती हळूहळू आणि थोडीच दाबली जाते. तुमच्या नळीत ती एका थापेसरशी विसाव्या हिश्श्याइतक्या जागेत कोंबली जाते. 30 अंशांची हवा अशी दाबली, तर हिशेबाने तिचं तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर जातं. प्रत्यक्षात नळीची भिंत बरीच उष्णता शोषून घेते, म्हणून एवढं मिळत नाही; पण योग्य कापूस धुमसायला याहून पुष्कळ कमी पुरतं. हीच हवा फक्त पाचव्या हिश्श्यापर्यंत दाबली, तर हिशेबानेही मजल 300 अंशांच्या आसपास थांबते. दट्ट्याला गुंडाळलेला दोरा सैल असेल, त्याला चरबी किंवा मेण नीट लावलेलं नसेल, तर हवा बाजूने निसटते आणि तुमची सगळी ताकद फुकट जाते. थाप मारायला कचरलात तरी तेच होतं, कारण उष्णतेला भिंतीत पळायला वेळ मिळतो. थाप बसल्यावर दट्ट्या तितक्याच चपळाईने उपसायचा. आतल्या चिमूटभर हवेतला प्राणवायू क्षणात संपतो आणि मागे राहिलेली ठिणगी गुदमरते.

पण राजोडीत पावसाळ्यात न पेटण्याचं खरं कारण मला कापसात दिसतं. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. एरवीच्या हवेतही त्याच्यात वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी असतं. आषाढात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, ते किती वाढत असेल! थापेची बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते. शिवाय कोरा कापूस या कामाचा नव्हेच. जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे तुकडे डब्यात घालून झाकण लावा, झाकणाला बारीक भोक ठेवा आणि डबा निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की डबा उतरवून न उघडता पूर्ण गार होऊ द्या. आत काळी, हलकी, हाताने चुरणारी चिंधी मिळेल. ती कोऱ्या कापसापेक्षा खूप कमी तापमानाला पेट घेते आणि ज्वाळा न होता धुमसत राहते. ती घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि तीळभर तुकडा खाचेत भरा.

मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओ, फिलिपिन्स, ब्रह्मदेश या पट्ट्यात हे साधन पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाचे हेन्री बॅल्फर यांनी 1907 मध्ये त्यावर सविस्तर निबंध लिहिला. तिकडे कापसाऐवजी माडाच्या जातीच्या झाडांच्या पानांच्या देठाशी येणारी लव वापरत. आपल्या कोकणातल्या भेर्ली माडालाही तशी लव असते. मिळाली तर जरूर करून पाहा. युरोपात हेच तत्त्व स्वतंत्रपणे, 19व्या शतकाच्या सुरुवातीला, हवेच्या बंदुकीच्या निमित्ताने लक्षात आलं आणि 1807 मध्ये इंग्लंडमध्ये अशा नळीचं पेटंट निघालं.

याच तत्त्वावर चालणारं यंत्र तुम्ही अर्नाळ्याच्या बंदरात रोज ऐकता. मासेमारीच्या होड्यांवरच्या डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या हवा 15 ते 20 पट दाबतो, ती तापते, तिच्यात तेलाचा फवारा पडतो आणि तेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांचं पहिलं यशस्वी इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला चाललं. भाच्याची नळी हातात घेऊन एखाद्या शाळकरी पोराला होडीचं इंजिन समजावून सांगा. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्याला ते लवकर कळेल.

आता तुमच्या वाडीतल्या माणसांबद्दल. आपल्याकडचं घरगुती साधन म्हणजे चकमक. पोलादाचा वाकवलेला तुकडा, धारदार कडेची गारगोटी आणि पेट धरणारा कापूस, एवढा संसार चंचीत किंवा बटव्यात मावे. ठिणगी दगडाची असते असा पुष्कळांचा समज आहे, पण ती पोलादाची असते. गारगोटीची कड पोलादाचा सूक्ष्म कण खरवडते, घर्षणाने तो तापतो आणि हवेत जळत उडतो. म्हणून दगड पोलादापेक्षा कठीण हवा. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी, अकीक हे दगड तसे आहेत. खुद्द काळा कातळ या कामाला उपयोगाचा नाही. पोलादही कडक लागतं. मोडकी कानस चालते, स्टेनलेस स्टीलचा चमचा चालत नाही.

लाकडावर लाकूड घासून अग्नी काढायची रीत यज्ञकर्मात अजून टिकून आहे. खाली अधरारणी ही लाकडी फळी, तिच्यावर मंथा हा उभा दांडा, तो दोरीने घुसळायचा. शमीवर वाढलेल्या पिंपळाचं लाकूड त्यासाठी घ्यावं असं शास्त्र सांगतं. दम काढणारं काम आहे हे. घासताना पडणारा काळा भुगा एकत्र साचून धुमसायला लागेपर्यंत हात थांबवता येत नाही. तुमच्या किनाऱ्यावरचा सुरू जळणाला उत्तम, पण घासायला फार कठीण. हलकं, कोरडं लाकूड निवडावं लागतं.

तरीही माझं मत असं आहे, की पूर्वीची घरं रोज उठून विस्तव ‘करत’ नव्हती, ती तो राखत होती. रात्री चुलीतला जाड निखारा राखेखाली झाकायचा, सकाळी राख बाजूला सारून चिपाडं घालायची आणि फुंकणीने फुंकायचं. शेणाची गोवरी आणि नारळाचं सोडण तासन्‌तास धुमसतं, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे. निखारा विझलाच, तर शेजारून करवंटीत मागून आणायचा. आणि भांडण विकोपाला गेलेल्या दोन घरांत तेवढा विस्तवही जात नसे. विस्तव राखणं घरापुरतंच नव्हतं. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या काळी फौजेत तोड्याच्या बंदुका सर्रास होत्या. त्यांचा तोडा म्हणजे धुमसती दोरीच, आणि लढाईभर ती विझू न देणं हे शिपायाचं काम. पानपट्टीच्या ठेल्यावर बिडी पेटवायला टांगलेला सुंभ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. चकमक बाहेर निघायची ती प्रवासात, शेतात, गुरांमागे रानात आणि घरातला निखारा गेल्यावर.

काड्यापेटीने हे सगळं मागे टाकलं. घासून पेटणारी काडी इंग्लंडच्या जॉन वॉकर यांनी 1826 च्या सुमारास केली, स्वीडनने तिला सुरक्षित रूप दिलं, आणि स्वीडिश भांडवलावर 1923 मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, कारखाना शेजारच्या ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला उभा राहिला.

प्रयोग करताना काही गोष्टी पाळाच. नळीत पेट्रोल, स्पिरिट किंवा काडीचं गुल कधीही घालू नका. नळी फुटून डोळा जाऊ शकतो. मुलांनी मोठ्यांच्या देखत करावं. आणि समुद्रावर सुरूच्या बनात अजिबात नको. तिथे खाली पडलेल्या वाळक्या सुया एका ठिणगीने पेट घेतात. घराचं अंगण आणि शेजारी पाण्याची बादली, एवढं पुरे.

एक विनंती मात्र आहे. राजोडी, आगाशी, नाळे, सत्पाळा, कळंब भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटीत वाकवलेलं पोलाद आणि झिजलेली गारगोटी सापडली, तर ती भंगारात देऊ नका. घरातलं कुणी वडीलधारं ती वापरणाऱ्या पिढीबद्दल सांगू शकत असेल, तर कापूस कशाचा घेत, तो कोरडा कसा ठेवत, हे विचारून लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा.